मामाचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ: कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

मामेबहीण सुमन सकाळी रिक्षाने रेडिओ घेऊन आली. कराडचा वाडा बिल्डरकडे गेला, माळ्यावरचं सगळं भंगारात निघालं, एवढा एक डबा तिनं ठेवून घेतला. मामीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून आणला होता.

"दादा, तेव्हा तूच नीट केला होतास ना? आता परत तूच कर."

केला होता खरा. मे १९७५. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात (सीओईपी) शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी मामाकडे गेलो होतो. रेडिओ मुका झाला होता. मी उघडला आणि तासाभरात वाजवून दाखवला. मामी पुढं तीस वर्षं येईल त्याला सांगायची, "आमच्या भाच्यानं केला. इंजिनियर आहे तो, सीओईपीचा." रिझल्ट तेव्हा लागायचा होता, पण मामीपुढं विद्यापीठाचं काय चालतंय.

बाहेरून पाहणी: लाकडी कॅबिनेट ठीक, एका कोपऱ्याचं व्हिनिअर सुटलंय. मागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलाय. डायलची दोरी तुटलेली, काटा खाली पडलेला. काचेवर सिलोन, दिल्ली, मुंबई वाचता येतं. कंपनीची पट्टी गेलीय, स्क्रूची दोन भोकं उरलीत. घरात त्याला मर्फी म्हणत. पण त्या काळी मर्फीच्या कॅलेंडरवरचं बाळ इतकं घरोघरी होतं की कुठलाही रेडिओ मर्फीच. चासी बघून मला तो असेंबल्ड वाटतो, बाजारातून सुटे भाग आणून कुणीतरी हातानं जोडलेला.

मागच्या बाजूला खिळ्याला अडकवलेलं रेडिओ परवान्याचं पोस्टाचं पुस्तक अजून आहे, वर्षावर्षाची तिकिटं चिकटवलेली. रेडिओ ऐकायला सरकारला पैसे भरावे लागत, हे सोसायटीतल्या पोरांना सांगितलं तर थट्टा वाटते.

व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्या) पाचही जागेवर: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ (स्पीकर वाजवणारा), ईझेड ८० (एसीचं डीसी करणारा). काच शाबूत, गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणारा लेप) चंदेरी डाग शाबूत, म्हणजे हवा शिरलेली नाही.

सुमनला लगेच ऐकायचा होता. प्लग लावू दिला नाही. तीस-चाळीस वर्षं पडून असलेल्या सेटला थेट २३० व्होल्ट द्यायचे म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळायचाच बेत.

२० ऑगस्ट

चासी बाहेर काढली. दोन तास निव्वळ ब्रश आणि ब्लोअर. झुरळांची अंडी, एक वाळकी पाल, साळीची टरफलं.

खालची बाजू वर करून पहिल्यांदा काय शोधलं असेल तर माझा स्वतःचा हात. ईएल ८४ च्या कॅथोडचा (व्हॉल्व्हचा करंट जिथून निघतो ते टोक) रेझिस्टर तेव्हा जळून काळा झाला होता, तो मी बदलला होता, एवढं पक्कं आठवतंय. तिथं आता १५० ओहम, १ वॅट आहे. सांधा सुंदर. तार टॅगमधून ओवून, एक वेढा देऊन, बेताचं सोल्डर, चकाकी अजून आहे. पाहून छाती फुगली. बावीसाव्या वर्षी हात असा होता आपला.

मग थोडं खटकलं. माझ्याकडं तेव्हा १ वॅटचे रेझिस्टर कुठून आले? खिशात होते ते कॉलेजच्या लॅबमधले अर्ध्या वॅटचे.

२२ ऑगस्ट

तपकीर गल्ली. बुधवार पेठेत दुचाकी लावायला जागा मिळेना, शेवटी शनिवारवाड्यापाशी लावून चालत गेलो.

यादी: ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर (०.०१, ०.०२२, ०.०४७, ०.१), ३३ मायक्रो ४५० व्होल्ट दोन, डायलसाठी दोरी, तीन पिनी वायर, फ्यूज होल्डर. वाटलं होतं ४५० व्होल्टचं काही मिळणार नाही. उलट ढिगानं आहे, कारण प्रत्येक एसएमपीएसच्या (आजकालचा पॉवर सप्लाय) आणि एलईडी ड्रायव्हरच्या तोंडाशी उच्च दाबाचा कंडेन्सर लागतोच. व्हॉल्व्ह गेले आणि त्यांचे कंडेन्सर चिनी दिव्यांनी जगवले.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, ३३ कशाला, १०० घ्या, अजून स्मूथ होईल." त्याचं म्हणणं ट्रान्झिस्टरच्या जगात बरोबर. पण ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर ५० मायक्रोच्या वर चालत नाही. चालू करताना मोठा कंडेन्सर एकदम इतका करंट ओढतो की कॅथोडवरचा लेप उडायला लागतो. सांगितलं त्याला. नीट ऐकून घेतलं त्यानं.

या दुकानात मी १९७२ पासून जातो. आत्ताच्या मालकाच्या वडिलांच्या वेळी आम्ही पोरं सर्किट कागदावर काढून न्यायचो. ते चष्मा वर करून बघायचे आणि "या बेसला रेझिस्टर कुठंय?" म्हणून परत पाठवायचे. नोकरी लागल्यावर त्याच काउंटरवर मी "साहेब" झालो. बेल १८७, बेल १८८, एसएल १०० हे ट्रान्झिस्टर मी चार आण्यांची घासाघीस करून घ्यायचो, तरी साहेब. आता काका. तक्रार नाही, वयानं काका आहेच. पण काका ही पदवी कुणालाही मिळते.

शेजारच्या दुकानात काचेवर कागद: "बीई/डिप्लोमा प्रोजेक्ट तयार मिळतील, रिपोर्टसह." आत पाच-सहा पोरं रांगेत. एकाला गॅस लीकेज डिटेक्टर हवा होता, दुसऱ्याला ठिबक सिंचनाचा. दुकानदार व्हायव्हात काय विचारतील तेही सांगत होता. राग यायला हवा होता. पण दुकानदार समजावत फार छान होता.

२५ ऑगस्ट, रविवार

गच्चीवरची बैठक. आम्ही चौघं: भोसले (टेलिफोन खात्यातून), शेख (भोसरीत ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचा स्वतःचा गाळा), कुलकर्णी (संरक्षण खात्यात होता, काय करायचा ते अजून सांगत नाही) आणि मी. मिळून वय २८६. चौघांत मोतीबिंदूची ऑपरेशनं सहा.

रेडिओ बघून सगळे खूश. शेखनं ट्रान्सफॉर्मर हुंगला. खरंच हुंगला. म्हणाला, "एकदा तापलाय हा, जबर. वार्निशचा वास बघ. पण जळायच्या आत कुणीतरी वाचवलाय." मीटर लावला: प्रायमरी ठीक, एचटी (उच्च दाबाच्या) वाइंडिंगची दोन्ही अर्धुकं सारखी. शेखचं नाक आमच्या मेगरपेक्षा (इन्सुलेशन तपासायचं मीटर) जुनं आहे.

व्हॉल्व्हकडं आम्ही का वळलो यावर बाहेर लोक फार हळवं बोलतात. खरं कारण डोळे. ०४०२ मापाचा रेझिस्टर म्हणजे १ मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटर. शिंक आली की हरवला. माझा उजवा हात आता थरथरतो. व्हॉल्व्हच्या सॉकेटवर थरथरत्या हातानंही सोल्डर करता येतं. आम्ही मागं गेलो नाही, मोठ्या पार्टांकडं गेलो.

चहाला विषय नेहमीचाच, पण आज भोसले खुलला. १९८० च्या आसपास तो ज्युनियर इंजिनियर होता. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत असत. पेढे घेऊन डॉक्टर, वकील त्याच्या घरी येत आणि बाहेर चपला काढून बसत. "मी त्यांचा नंबर वर आणू शकत नव्हतो रे. पण नाही म्हटलं तरी खरं वाटायचं नाही त्यांना." मग सी-डॉट आलं, देशी टेलिफोन एक्स्चेंज बनवणारी सरकारी संस्था. १९८४ मध्ये संस्था, ८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिलं ग्रामीण एक्स्चेंज. १२८ लाइनचं रॅक्स (ग्रामीण ऑटोमॅटिक एक्स्चेंज), आपल्या धुळीत आणि उकाड्यात एसीशिवाय चालणारं. भोसलेनं सातारा जिल्ह्यात अशी बरीच उभी केली. एका गावात त्याला बैलगाडीत बसवून वाजतगाजत नेलं होतं. फोन सरपंचाच्या घरी लागला, हार भोसलेला.

तोच भोसले ३१ जानेवारी २०२० ला हजारो लोकांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला. त्या दिवशी बीएसएनएलमधून देशभरात मिळून ७८ हजारांच्या आसपास माणसं गेली. "हार नव्हता. एक्सेल शीट होती, त्यात सही."

कुलकर्णी म्हणाला, "तू तेव्हा जास्त हुशार होतास का भोसले?"

"नाही. तेव्हा फोन कमी होते."

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेखनं बिस्किटं संपवली.

३० ऑगस्ट

कंडेन्सर तपासणी. मेणाचे कागदी कंडेन्सर एकजात गेलेले. २०० व्होल्ट देऊन पाहिलं, सगळ्यांतून करंट गळतो, एक तर चक्क रेझिस्टरसारखा वागतोय. सगळे काढायचे.

अपवाद एकच. ईबीसी ८१ च्या प्लेटपासून ईएल ८४ च्या ग्रिडपर्यंतचा (ग्रिड म्हणजे करंटला लगाम लावणारी जाळी) ०.०२ मायक्रोचा. हा कागदी नाहीच, पॉलिएस्टरचा आहे, नंतर टाकलेला. २०० व्होल्टवर मीटरला काही दिसत नाही. शून्य.

रेडिओ दुरुस्तीत या एका कंडेन्सरला फार मान. त्याच्या एका बाजूला शंभरेक व्होल्ट डीसी असतात, दुसरीकडं ग्रिड शून्यावर राहायला हवं. तो जरा जरी गळाला की ग्रिड पॉझिटिव्हकडं सरकतं, व्हॉल्व्ह भसाभसा करंट ओढायला लागतो, कॅथोडचा रेझिस्टर काळा पडतो. म्हणजे काळा रेझिस्टर हा रोग नव्हे, तो ताप. रोग हा कंडेन्सर.

मी १९७५ मध्ये काळा रेझिस्टर बदलला होता. कंडेन्सर बदलल्याचं काही आठवत नाही.

रात्री पोटमाळ्यावरची ट्रंक काढली. बायको म्हणाली, दिवाळीची सफाई आहे का? कॉलेजच्या वेळची वही सापडली. २४ मे १९७५ ची नोंद, माझंच वळणदार अक्षर: "मामांचा रेडिओ. ईएल ८४ कॅथोड रेझिस्टर पूर्ण जळालेला, रंगपट्टे वाचता येत नाहीत. ४७ ओहम अर्धा वॅट टाकला. आवाज दणदणीत. सर्व खूश."

४७ ओहम.

सर्किट माहीत नाही, पट्टे दिसत नाहीत, म्हणून खिशात होता तो टाकला. आवाज दणदणीत येणारच. व्हॉल्व्हचा लगामच सोडला होता मी.

३१ ऑगस्ट

नीट झोप नाही. सकाळी डेटाशीटशी ताडून पाहिलं. शेजारच्या सोहमनं फोनवर दोन मिनिटांत काढून दिलं (हा पोरगा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे). ईएल ८४ ची प्लेट १२ वॅटची. २५० व्होल्टला कॅथोडमधून साधारण ५४ मिलिअँपिअर, त्यासाठी १३५ ओहम. बाजारात १५० चालतो. ४७ टाकून, वर गळका कंडेन्सर तसाच ठेवून मी काय केलं होतं? प्लेट लाल झाली असणार. ईझेड ८० ची मर्यादा ९० मिलिअँपिअर, तीही ताणली असणार. ट्रान्सफॉर्मर तापणार. शेखच्या नाकाला आलेला वास तो माझा.

म्हणजे तो सुंदर सांधा माझा नव्हे.

सोहमला हे सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "पण काका, तुम्ही फायनल इयरला निदान रेझिस्टर बदलला. माझ्या वर्गात सोल्डरिंग गन धरलेले चार असतील." गन नव्हे, आयर्न, असं म्हणणार होतो. राहू दिलं.

८ सप्टेंबर

गणपतीत हात मोकळा नाही. तरी दुपारी दोन तास: सगळे कागदी कंडेन्सर बदलले. फिल्टरचा ॲल्युमिनियमचा डबा दिसायला जागेवर ठेवला, आतून तोडला, खाली नवे ३३ मायक्रो दोन बसवले. कुरतडलेल्या तारा बदलल्या. प्रायमरीला फ्यूज आणि तीन पिनी वायर.

०.०२ काढला नाही. चांगल्या पार्टाला हात लावू नये, हे मला ज्यानं शिकवायला हवं होतं त्यानं शिकवलं नाही. ते पुढं नोकरीत एका फोरमननं शिकवलं.

१५ सप्टेंबर, रविवार

अभियंता दिन, आणि सोसायटीचा गणपती अजून बसलेला. चेअरमननी दोन्ही एकत्र केलं. आरतीनंतर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, त्यांच्यावर पाच मिनिटं बोलायचं काम मला. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, १९०३. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे, वीज नाही, माणूस नाही. विश्वेश्वरय्या आपल्याच सीओईपी कॉलेजातून १८८३ मध्ये बाहेर पडले, तेव्हा त्याला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. पोरांना दरवाजे आवडले. नुसतं "भारतरत्न" म्हटलं असतं तर जांभया दिल्या असत्या.

मग चेअरमन म्हणाले, "आपल्यातले जे जे इंजिनियर आहेत त्यांनी उभं राहावं." मांडवात बसून राहिले ते मोजायला सोपे होते. टाळ्या कुणी कुणासाठी वाजवायच्या हा प्रश्न पडला. उभे राहिलेल्यांनीच वाजवल्या.

हे सगळं चालू असताना माईकमधून पन्नास सायकलची हम्म येत होती. इतके इंजिनियर उभे, हम्म तशीच. मी मिक्सरच्या मागं जायला उठलो, तेवढ्यात मांडववाल्याचा पोरगा आला, एक पिन काढून उलटी लावली, गेला. हम्म बंद. त्याला उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सोहमशी जिन्यात गप्पा. कॅम्पसला कोअर (इलेक्ट्रॉनिक्सचंच काम करणारी) कंपनी एकच आली, दोघांना घेतलं. बाकी सॉफ्टवेअर, साडेतीन-पावणेचार लाख वर्षाला. हा आकडा मी गेली दहा-पंधरा वर्षं तोच ऐकतोय, दुधाचा भाव मात्र तो नाही. आमच्या वेळी महाराष्ट्रात सांगायला पुणे, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती, अशी हाताच्या बोटांवर मोजायची कॉलेजं. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि माळरानांवर इमारती उठल्या. त्याला शिव्या देणारे माझ्या वयाचे बरेच आहेत. मी देत नाही. त्या इमारती नसत्या तर सोहमचे वडील, साखर कारखान्यातल्या वजनकाट्यावरच्या कारकुनाचा मुलगा, इंजिनियर झाले नसते. आमच्या मानाची किंमत त्यांच्यासारख्यांनी बाहेर राहून भरली होती.

सोहमला विचारलं, इंजिनियर झाल्यावर कसं वाटेल? म्हणाला, "काका, इंजिनियरिंग म्हणजे तेरावी ते सोळावी. पुढं काय ते नंतर ठरवतात."

१९७९ मध्ये माझ्या सासऱ्यांनी पत्रिका पाहिली नव्हती. "इंजिनियर आहे ना, मग ग्रह काय करतील?"

२२ सप्टेंबर, रविवार

आज वीज.

सिरीज बोर्डला (सेटच्या आधी ओळीत बल्ब, शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो) जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब. (असे सहा बल्ब मी कपाटात जपून ठेवलेत. एलईडी सिरीजला काही कामाचा नाही.) स्विच टाकला: बल्ब फक्कन पेटला, मग मंदावत लालसर होऊन थांबला. म्हणजे शॉर्ट नाही. फिलामेंट नारिंगी झाले. वीस सेकंदांनी स्पीकरमधून हलकी हम्म. मांडवातली शिवी होती, ही पावती.

बल्ब काढून थेट. एचटी २३८ व्होल्ट. ईएल ८४ च्या कॅथोडवर ७.१ व्होल्ट, म्हणजे १५० ओहममधून ४७ मिलिअँपिअर. ग्रिडवर शून्य. एकोणपन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी बसवलेले दोन पार्ट, पुस्तकात असावं तसं वागताहेत.

ईएल ८४ मूळचाच दिसतो. दुबळा झालाय, पण चालेल. नवा हवा तर मिळतो, रशियात आणि स्लोव्हाकियात अजून बनतो, गिटारच्या ॲम्प्लिफायरवाल्यांच्या कृपेनं.

स्टेशन मात्र नाही. नुसती सळसळ. ऑसिलेटर (स्टेशन पकडायला लागणारी लहर सेटच्या आतच तयार करणारा भाग) बंद. रात्री नऊपर्यंत शोधलं, सापडलं नाही.

२४ सप्टेंबर

ऑसिलेटर: बँड स्विचवर कार्बन. स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशनं साफ केला. लागला.

आयएफटी (पकडलेलं स्टेशन गाळून घेणाऱ्या कॉइली) ४५५ किलोहर्ट्झला जुळवताना घोटाळा केला. घाईत लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावला, दुसऱ्या आयएफटीचा फेराइट स्लग (आतली फिरवायची कांडी) चिरला. आवाज झाला तो कानात अजून आहे. इतकी वर्षं हे करू नका म्हणून सांगत आलोय. भंगारातल्या आयएफटीमधला स्लग काढून बसवला, आटे जुळले, नशीब. मग बायकोची विणकामाची प्लास्टिकची सुई टोक घासून वापरली. तिला सांगितलेलं नाही.

डायलच्या वरच्या टोकाला ट्रिमर (जुळवायचा छोटा कंडेन्सर), खालच्या टोकाला कॉइलचा स्लग, परत ट्रिमर, परत स्लग. चार फेऱ्या. ७९२ ला पुणे दणदणीत. रात्री मुंबईचं ५५८ पण आलं, लिफ्टची खरखर मधूनमधून. जिन्यातले एलईडी बंद केले की अर्धी खरखर जाते. शेजारी विचारत होते, दिवे का घालवता.

२९ सप्टेंबर, रविवार

कॅबिनेट. डायलची दोरी ओवायला स्पीकरची पाटी काढावी लागली. तिच्या मागं, कॅबिनेटच्या आतल्या लाकडावर, पेन्सिलीनं:

"२७-५-७५. ट्रान्स. फार गरम. काथोड ४७ होता, १५० लावला. ०.०२ गळका, नवा. मजुरी नाही."

खाली सही नाही. रेडिओ मेकॅनिक अशा नोंदी आतून करून ठेवत. पुढच्या खेपेला आपल्यालाच कळावं म्हणून, नाहीतर दुसऱ्या कुणाला. हे अक्षर कुणाचं ते मला सांगायला नको. कराडला स्टँडजवळ पत्र्याच्या टपरीत बसणारे अण्णा. सैन्यात सिग्नल्समध्ये होते. शाळा सातवीपर्यंत. सुट्टीत मी त्यांच्या टपरीसमोरून जायचो आणि कधी आत गेलो नाही, कारण मी इंजिनियरिंगला होतो.

२७ मे. माझ्या दुरुस्तीनंतर तीन दिवसांनी. मी २५ ला पुण्याला परतलो होतो.

बैठकीत तिघांना दाखवलं. शेखनं मोबाइलचा उजेड धरून दोनदा वाचलं. म्हणाला, "मजुरी नाही, हे का लिहिलं असेल?" कुलकर्णी म्हणाला, हिशेबाला. भोसले काही बोलला नाही.

माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी हाच रेडिओ सांगितला होता. पिंपरीच्या कारखान्यात. "प्रॅक्टिकल अनुभव काय?" असं विचारलं होतं. त्यांना आवडलं होतं.

६ ऑक्टोबर

दोरी बसली. तिसऱ्या प्रयत्नात. गँगच्या (स्टेशन बदलायचा फिरता कंडेन्सर) चाकाला अडीच वेढे, स्प्रिंग ताणलेली, काटा ७९२ वर आणून चिकटवला. व्हिनिअरचा कोपरा फेव्हिकॉलनं. नॉब साबणाच्या पाण्यात.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी आयर्न, मीटर, ऑसिलोस्कोप यांच्यावर झेंडूची फुलं. विणकामाची सुईपण ठेवली. पकडलो गेलो.

दुपारी रेडिओ सिंहगड रोडला सुमनकडं पोचवला. लावला. काटा फिरवताना ती लहान मुलीसारखी वाकून काचेतून बघत होती. सिलोनवर थांबली. तिथं सळसळ. "इथं लागायचं ना," म्हणाली.

मग मी सांगितलं. ४७, १५०, पेन्सिल, सगळं. तिला तांत्रिक कळलं नसेल, पण ऐकून ती म्हणाली, "अरे, मला माहीत आहे ते."

ती तेव्हा अकरा वर्षांची. मी गेल्यावर दोन दिवसांत रेडिओतून जळका वास यायला लागला. मामानं तो सायकलच्या कॅरियरला बांधून अण्णांकडं नेला, मागून धरायला हिला घेतलं. अण्णांनी उघडला, बघितलं, मामाकडं बघितलं. संध्याकाळी आणायला गेल्यावर मामानं पैसे पुढं केले. अण्णा म्हणाले, "काम तुमच्या भाच्यानं केलंय. मी फक्त धूळ झाडली." मामानं पाच रुपये टेबलावर ठेवले. अण्णांनी ते सुमनच्या हातात दिले, खाऊला म्हणून.

"येताना बाबा मला म्हणाले, घरी बोलू नकोस. आईला तर अजिबात नको."

"मामाला कळलं होतं?"

"बाबांना? वास त्यांनाच आला होता पहिल्यांदा." ती श्रीखंड वाढत होती. "तू एरियलचं काय ते बघ आधी."

एरियल: सहा मीटर तार बाल्कनीत, ग्रीलपासून लांब, पोर्सेलीनच्या दोन अंड्यांवर (अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर) ताणून. ग्रीलला टेकू द्यायची नाही, सांगितलंय.

बाकी: डायलचा दिवा ६.३ व्होल्ट मिळाला नाही, तपकीर गल्लीत परत विचारायचं. ईएल ८४ सहा महिन्यांनी तपासायचा. मागचा पुठ्ठा नवा कापायचा. पेन्सिलीच्या ओळीखाली मी काही लिहिलेलं नाही. फक्त त्यावर स्पिरिट लागू नये म्हणून पारदर्शक कागद चिकटवला, कडेनं.